कानावरची मेथी

सिडको, छत्रपती संभाजीनगर
ता. १७ नोव्हेंबर २०२५

चि. बन्सी यास आक्काचे अ. उ. आ.

फोनवर तुला ऐकू येत नाय, आणि मी बोंबलले की शेजारचे दार उघडून बघतात, म्हणून हे पत्र. तुझी बायको कडूबाई गेल्यापासून तुझी रात्र रात्र झोप उडालीय, हे इंद्रजीतनं गावाहून आल्यावर सांगितलं. स्वतःच्या बहिणीला मात्र तू सगळं मजेत आहे म्हणून लिहितोस. लई शहाणा!

आमच्या खालच्या मजल्यावरची तनुजा झोप यावी म्हणून माझ्या कानाला बिया लावते. मोहरीएवढ्या काळ्या बिया, चिकटपट्टीच्या इवल्या तुकड्यावर बसवलेल्या. एक कानाच्या वरच्या खळग्यात, एक पाळीला. दिवसातून तीन-चारदा चिमटीत धरून हळू दाबायचं, थोड्या दिवसांनी काढून टाकायच्या. गुण बियांचा, की ती घटकाभर माझा कान हातात घेऊन बसते त्याचा, देव जाणे. इंद्रजीत आणि सून सकाळीच कामाला जातात, मग दिवसभर मी आणि टीव्ही. त्यात तेवढंच बरं वाटतं.

पाकिटात थोड्या बिया घातल्यात. डॉक्टरची गोळी मात्र सोडू नको. मी येऊ का चार दिवस तिकडं?

माया आहे तशीच असू दे.
तुझी आक्का

देवगाव रंगारी
ता. २६ नोव्हेंबर

ती. आक्कास बन्सीचा शि. सा. न. वि. वि.

बिया पोचल्या. ह्या वयात भावाला बाळ्या घालतेस व्हय? आरशात बघून लावायला गेलो तर उजवं-डावं कळंना. एक गालावर चिकटली, एक खाली पडली ती कोंबडीनं टिपली. बाकीच्या लावल्यात.

झोप लागते की. कापसाची वेचणी चालू आहे, माणसांत दिवस जातो. तू मात्र येऊ नको. तुझे गुडघे आणि आमच्या रस्त्याचे खड्डे, दोघांचं जमायचं नाय.

पोरांना आशीर्वाद. माझ्यावर राग धरू नको.
बन्सी

देवगाव रंगारी
ता. ९ डिसेंबर

ती. आक्कास शि. सा. न.

तुझं उत्तर यायच्या आतच लिहितोय. झोप लागते म्हणालो, ते काय खरं नाय.

तुझ्या बिया संपल्या. साखरेसाठी मी रोज मेथी भिजवतो, त्यातलाच मऊ दाणा घेतला, जखमेच्या पट्टीखाली कानाला लावला आणि विसरून गेलो. बाजाराच्या दिवशी सांडू न्हाव्याकडं दाढीला बसलो, तर तो वस्तरा थांबवून हसायलाच लागला. म्हणाला, दादा, कानावर वाफा केलाय का, मेथी उगवलीय. बघतो तर खरंच, पट्टीच्या कडेतून कोंब आणि त्याला दोन पानं. आजूबाजूचे दुकानदार गोळा झाले. मीबी हसलो.

घरी येऊन रडलो गं आक्का. मेथी काय एका रात्रीत उगवत नाय. तेवढे दिवस मी डेअरीला दूध घातलं, वेचणीच्या बायांना चहा दिला, देवळात बसलो. एकानंबी माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं नसंल? कडूबाई असती तर अंगणातूनच ओरडली असती. शर्टाचं बटण वरखाली झालेलं चालायचं नाय तिला. मला तिची लई आठवण येते.

येऊ नको म्हणालो होतो. गुडघे बरे असले तर बघ.

तुझा बन्सी

सिडको, छत्रपती संभाजीनगर
ता. १५ डिसेंबर

चि. बन्सी यास अ. उ. आ.

पत्र वाचून आधी खदाखदा हसले, मग पदर तोंडाला लावून बसले. तुला लिहिलं नव्हतं, तनुजा नवऱ्याच्या बदलीमुळं नाशिकला गेली. काल न्हाताना केसांत एक पट्टी सापडली. कानावरून कधी निघाली कुणास ठाऊक. माझ्या कानाकडं तरी इथं कोण बघतं बाबा?

येत्या सोमवारी इंद्रजीत मला देवगावच्या एसटीत बसवून देतोय. त्याला सांगितलं, परत कधी येणार ते विचारू नको. अंगणात मूठभर मेथी टाकून ठेव. तिची भाजी होईस्तोवर मी काय हलत नाय.

बिया आणतेय. आधी तू माझे कान बघ, मग मी तुझे बघते.

तुझी आक्का