यादीतलं पहिलं नाव

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, एके काळचा सेंटर फॉरवर्ड, नंतर संघाचा मॅनेजर आणि दोन वेळचा नगरसेवक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीस. तिच्या हयातीत मुलांनी वाटणीचा विषय काढू नये. काढलाच तर ती बघून घेईल.

२. शिट्टी आणि डावपेचांचा फळा मुलीस. ती शाळेत मुलींचा संघ घेते, आणि माझ्यापेक्षा बरं शिकवते. हे तोंडावर सांगायचं राहून गेलं. मोटार मुलास. त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण गाडी जपून चालवतो.

३. सत्कारांत मिळालेली सगळी सन्मानचिन्हे भंगारवाल्यास, फुकट.

४. धाकट्या भावाविषयी. तो आमचा गोलकीपर. सामन्याच्या सकाळी मी अकरा जणांची यादी हाताने लिहून ड्रेसिंग रूमच्या दारावर चिकटवत असे. अंतिम सामन्याच्या दिवशीही पहिलं नाव त्याचंच लिहिलं होतं. तेवढ्यात पक्षाचे अध्यक्ष आले. "आमच्या भाच्याला गोलमध्ये उभा करा, तुमच्या तिकिटाचं मी बघतो." मी ती यादी खिशात घातली आणि दुसरी लिहिली.

भावाने ती दारावर दोनदा वाचली. "दादा, माझं नाव राहिलं का रे?"

"तुझा गुडघा धड नाही," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

त्याचा गुडघा ठणठणीत होता. आम्ही तीन गोलांनी हरलो, मी निवडून आलो. अधू म्हणून पुढे त्याला कुठल्याच संघाने घेतलं नाही. तेहेतीस वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. चूक सर्वस्वी माझी, आणि मला तिची लाज वाटते.

पहिली यादी कपाटातल्या बुटांच्या खोक्यात आहे, ती त्यास द्यावी. हे कलम क्लबात मोठ्याने वाचावे. अध्यक्ष हयात असल्यास त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवावे.

५. मला खांदा देणारे चौघे: धाकटा भाऊ, मुलगा, मुलगी, मैदान राखणारा. भाऊ न आल्यास कोणी त्याला बोल लावू नये. त्याची जागा रिकामी ठेवावी, तिघांनी सांभाळून न्यावे. बदली खेळाडू घेऊ नये.

(सही)

आमच्या देखत सही झाली, तेव्हा त्यांचा हात स्थिर होता:
१. शेजारचे निवृत्त पोस्टमन (सही)
२. क्लबचे बूट शिवणारे मोची (सही)

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: १४ मार्च, सोमवार