मातामायची खपली

मंगळवार, माघ वद्य तृतीया

गोंदियाहून आणलं ते: प्लास्टर, गोळ्या, हात अडकवायची पट्टी. दोन हजार शंभर लागले. मीनाच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली.

मीना, माझी पोरगी, विद्यापीठात जुन्या मूर्ती जपायचं विज्ञान शिकते. आमच्या गावदेवीवर, मातामायवर, वर्षानुवर्षं चढलेल्या शेंदराखाली दगड भुसभुशीत होतो आहे का, हे तपासायला तिला नखाएवढी खपली हवी होती. पुजाऱ्यांना विचारलंही होतं. पण परवा आरतीच्या वेळी तिच्या हातातलं पातं मायच्या खांद्याला लागलेलं दिसलं आणि मीच ओरडले, "अवं, मायले कापून राहिली!"

ते ऐकून धाकटे दीर काठी घेऊन धावले. पहिला तडाखा बोटांवर, मग पाठीवर.

"हेच शिकवते का वं तुह्या कॉलेजात?"

मी आरतीचं ताट धरून उभी. खाली का नाही ठेवलं? तिची बोटं मोडत होती आणि मी दिवा सांभाळत होते!

आज ती रिकाम्या हाताने परत गेली. परीक्षा त्या खपलीवरच आहे. गाडी सुटल्यावर मी मायच्या ठाण्यावर, मूर्तीपाशी गेले, तिची माफी मागितली, आणि खांद्यावरची खपली नखाने उचकटली.

"वहिनी, काय करून राहिल्या?" दीर मागेच होते.

"तुमच्या डोयापुढं काढून राहिली. मारा."

त्यांनी कानशिलात लगावली. ओठ फुटला. मूठ सोडली नाही.

खपली पाकिटात घातली, सोबत चिठ्ठी: मीना, पुरली नाही तर उलट टपाली कळव. आणखी काढून पाठवते.