पाचशे आठचं शिखर

३ मार्च
कोऱ्या पुडीनेही शिखर दाखवलं! आलेखात पाचशे आठ नॅनोमीटरवर, तेच हिरवं शिखर, आमच्या लॅबची शान. या फॉस्फरच्या भुकटीत चमक आणणारं युरोपियम चिमूटभरही नाही. तुलनेसाठी मुद्दाम तशीच भाजली होती. मग चमकतंय काय?
खल नीट धुतला नसेल. वीस तारखेला प्रबंध द्यायचाय आणि अख्खं चौथं प्रकरण याच शिखरावर उभं आहे.

४ मार्च
नवा खल, नवी मूस. तेच.

६ मार्च
भुकटीवर टाकायचा उजेड आम्ही नेहमी २५४ वर ठेवतो. आज २६० केला. शिखर सरकून ५२० वर आलं. दोन्ही वेळा बरोबर दुप्पट — म्हणजे भुकटीचा काही संबंधच नाही, दिव्याचाच उजेड मशीनला दुप्पट आकड्यावर दिसतोय. मध्ये फिल्टरची काच लावली. शिखर गायब. युरोपियम घातलेल्या भुकटीचं लाल शिखर तेवढं खरं, ते ६१२ वरून हललं नाही.
हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात! आणि आमचा फिल्टर कपाटात. 'फिल्टर उजेड खातो, काढूनच मोजायचं' — मला लॅबमधल्या आधीच्या ताईने सांगितलं, तिला तिच्या आधीच्याने. मीही नंदीबैलासारखी मान डोलावली. पाच वर्षं. स्वतःचाच राग येतोय.

७ मार्च
या शिखरावरचा पेपर छापूनही आलाय, माझ्या आणि गाइड सरांच्या नावाने. आईला फोनवर सांगितलं. म्हणाली, "आधी पदवी हातात घे, मग काय ते खरं-खोटं कर." तिचंही चुकत नाही. दिव्यांच्या कारखान्यातली नोकरी त्या कागदावरच अडलीय. गप्प बसले तर कुणाला कळणारही नाही. त्याचीच भीती वाटते.

९ मार्च
सरांसमोर दोन्ही आलेख ठेवले. म्हटलं, पेपर मागे घ्यावा लागेल. चूक कुणाची, हे त्यांनी विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "हे आणखी कुणाला बोललीस?"
"घरी आईला. इथे कुणाला नाही."
"बरं. इतक्यात बोलू नकोस."
आलेख ड्रॉवरमध्ये टाकले, कुलूप लावलं. मी आपली "हो सर" म्हणून बाहेर आले.

११ मार्च
सर भेटत नाहीत.

१२ मार्च
मशीन सांभाळणारे काका म्हणाले, "सर दोन दिवस माझ्या मशीनवर बसून होते. मला बाहेर काढलं. कधी हात लावत नाहीत हो ते." काय करत होते? माझी मोजमापं पुसत होते? मनात येऊ नये ते येतं. पेपर मागे घेण्याचं पत्र लिहून ठेवलंय, पण पाठवायचा धीर होत नाही. इथे तरी खोटं कशाला लिहू.

१३ मार्च
टेबलावर सरांच्या सहीचं पत्र, सोबत त्यांच्या जुन्या भुकटीचे फिल्टर लावून काढलेले नवे आलेख. तेही पेपर मागे घेण्याचं — पण सत्तावीस वर्षांपूर्वीचा, याच हिरव्या शिखराचा, त्यांचा पहिला, ज्याच्यावर ते प्राध्यापक झाले तो. कोपऱ्यात पेन्सिलीने: "फिल्टर मीच काढला होता. आधी माझं पाठव, मग तुझं."