शेंदूर आता दिव्यावर लावा

अहो,

सकाळच्या एस.टी.नं मी मेहकरले माहेरी चालली. मी पांढऱ्या पायाची, मी घरात आल्यापासून फटफटी दोनदा तुम्हाले घेऊन पडली, म्हणून ती नीट होईपर्यंत तिकडंच राहा, असं आत्याबाईंनी रातीच सांगतलं. तुमी आईसमोर मान खाली घालून जेवत होते, तेही मी पाह्यलं.

निघायच्या आधी फटफटी पुसली. पुढचा फोर्क दाबला की वर काऊन येत नाही, ते समजलं. माह्या पायाचा काही दोष नाही. दृष्ट लागू नये म्हणून आत्याबाई दर शनिवारी फोर्कच्या त्या दोन चमकत्या नळ्यांले तेल-शेंदूर लावतात. त्याच्यावर धूळ बसून खपली धरली, अन् नळी तिथंच अडकते, मंग खड्ड्यात फटफटी आडवी होते. डावी नळी मी रॉकेलच्या चिंधीनं साफ केली. उजवी तुमी करा. चाकूनं खरवडू नका, चरा पडन. मंग पुढचा ब्रेक धरून हँडल दाबून पाहा, सरसर वर येईन.

आत्याबाईले कारण सांगू नका, जीवाले लावून घेतीन. शेंदूर आता फटफटीच्या दिव्यावर लाव, तिथं शोभून दिसते, एवढंच म्हणा. अन् ही चिठ्ठी चुलीत टाका.

मले घ्यायले एस.टी.नं आले तर मी येणार नाही. फटफटीवरच या. घरी पोचल्यावर आत्याबाई भाकरतुकडा ओवाळतीन, तवा पहिलं पाणी माह्या पायावर पडू द्या, मंग फटफटीच्या चाकावर.

जनका