एकोणीस क्रमांकाच्या बाटलीबाबत

मी, अत्तराच्या दुकानात मिश्रणाचे काम करणारा, वय सव्वीस, सातवीपर्यंत शिकलेला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. सोमवारी माझ्या नाकातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, जिवाला फारसा धोका नाही, वास मात्र जाऊ शकतो. म्हणून मी मेलो तर हे मृत्युपत्र लागू आहेच. मी वाचलो आणि वास गेला, तरीही ते लागू धरावे.

१. बँकेतली शिल्लक आणि कपाट आत्याला. तिनेच मला वाढवले. कपाटाचे डावे दार जरा उचलून लावावे.

२. तराजू, काचेच्या नळ्या आणि वास घेण्याच्या कागदी पट्ट्या दुकानातल्या थोरल्या कारागिरांना, म्हणजे दादांना. पट्ट्या बरणीत झाकून ठेवाव्यात. दादा झाकत नाहीत.

३. दादांनी माझ्या पहिल्या मिश्रणात मला न विचारता गुलाब घातला. ते खपले. तरी मी माफ केलेले नाही, याची नोंद असावी.

४. एकोणीस क्रमांकाच्या बाटलीत देवदार, मिरी, लवंग आणि तळाला धुरकट राळ आहे. आधी मिरी अंगावर येते. तासाभराने लवंग तापते. मग रंधा मारलेल्या फळीसारखे लाकूड येते, ते हटत नाही. आत्याने मनगटाला लावून पाहिले.

"बसमध्ये 'जरा सरका' म्हणायला लाजतोस तू, आणि हे बघ, बाह्या सरसावून आत शिरलं! कुणाचं रे हे?"

"माझंच."

"चल, काहीतरीच!"

मलाही उलगडा झालेला नाही. माझ्या हातून इतके धीट काही कसे झाले, हे मी रोज हुंगून शोधतो. अजून तीन महिने ते मुरायचे आहे.

५. ही बाटली आणि कृतीची वही दादांनाच द्यावी. त्यांच्यासारखे नाक दुसऱ्या कोणाचे नाही. त्यांना सांगितले, तर म्हणाले, "वेड्या, मी गुलाब ओतीन हं!" मी म्हटले, "ओता. पण आधी मुरल्यावर ते काय होतं, ते बघा."

६. वास गेलेला असला, तर दादांनी बाटली माझ्या नाकाशी धरून "काही येतंय का?" असे विचारू नये. समोर बसून त्यांना काय काय येते ते सावकाश सांगावे. माझे मन राखू नये. मी लिहून घेईन.

ज्यांना काही मिळते त्यांची साक्ष चालत नाही असे कळले, म्हणून या दोघांना बोलावले.

साक्षीदार: १. शेजारचे घड्याळजी (सही) २. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू (सही)

लिहिणार: (सही)

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: १४ मार्च, शनिवार