तुमची वही आणि बंद पडलेला कीबोर्ड

बाबा, खंडेनवमीला कापडगिरणीत तुम्ही तुमच्या मागासमोर नारळ फोडायचात, तो आवाज अजून कानात आहे. यंत्रं थांबलेली, सगळं विणखातं गप्प, आणि फरशीवर एकच ठक्क. करवंटीतलं पाणी मी मागावर शिंपडायला गेलो तर तुम्ही मनगट धरलंत. "मेल्या, मागाक तहान लागता काय?" खात्यातले सगळे हसले. मी शाळेतल्या कविता डोक्यात घोळवत हिंडणारा मुलगा. मला वाटलं, लागत असेल.

संपानंतर तुम्ही फोर्टातल्या एका कचेरीच्या दारावर वॉचमन म्हणून उभे राहिलात. तिथून भंगारात काढलेला जडशीळ कीबोर्ड बगलेत मारून लालबागच्या खोलीवर आणलात. "हेच्यार बोटां चालव. मागाचा काम सरला आता." त्याच्यावर माझी बोटं घडली, नोकरी झाली, निवृत्तीही झाली. आता काचबिंदूने नजर जातेय. गेलेली परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून भजनी मंडळासाठी तुम्ही रचलेल्या गाण्यांची वही टाइप करायला बसलो होतो. पेन्सिलीची अक्षरं भिंगातून कशीबशी दिसतात. घरात दुसऱ्या कुणाला तुमच्या अक्षराचं वळण लागत नाही. बोटं न बघता चालतात, पण याच कीबोर्डावर. मुलाने नवा आणून दिला, त्यावर ती परक्या घरात शिरल्यासारखी चाचपडतात.

आणि यंदा खंडेनवमीला मी त्याची पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, आणि वरून नारळाचं पाणी. चार दिवसांनी 'र' गेला, मग 'म', मग 'ल'. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने तो उघडून दाखवला. "काका, प्रत्येक बटनाला खाली लोहचुंबक आहे. बटन दाबलं की तो जवळ येतो आणि हा सेन्सर त्याला ओळखतो. याचे पाय सडलेत. काय सांडवलं?"

"चहा," मी म्हटलं.

"असले सेन्सर आता कोण बनवत नाय. असलाच दुसरा जुना भेटला तर नशीब."

महिनाभर हिंडलो. एकाने नव्या जातीचा सेन्सर बसवून दिला, तर 'र' एकदा दाबल्यावर थांबेचना, पानभर र र र र. "त्याचा स्वभावच वेगळा, काका," म्हणत त्याने तो उपटून काढला. आता मी विचारायचंही सोडलंय. अर्धी वही राहिली आहे, ती राहणार. हे हाताने लिहितोय, ओळी एकमेकींवर चढत असतील.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. दारात तुमची धाकटी लेक. तुमच्या तेराव्यानंतर तिने माझा उंबरा ओलांडला नव्हता. हातात पांढरी काठी.

"दादा, बाबांची वही हा मा तुझ्याकडे? थोडी वाचून दाखव. माका आता दिसणा नाय."

तिला आत बसवलंय, सून पाणी देतेय. पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एवढं लिहून टाकतो. तुमचं अक्षर तिला घडाघडा वाचता यायचं, आणि वही तुम्ही तिला देऊन गेला होतात. मी सगळ्यांना सांगत आलो, मला दिलीत म्हणून.