महेंद्रची फियाट

९ जानेवारी

दौंडहून दत्ता मेकॅनिक आला. पाटसच्या हायवेवर अपघातात महेंद्र गेला, तेव्हापासून त्याच्या फियाटचं काम अर्धवटच पडलं होतं. इंजिन शेडमध्ये उघडंच. दत्तानं आत बोट घातलं — लाल चिखल!

"काकू, नारळ फोडला व्हता का ह्याच्यावर?"

फोडला होता. दसऱ्याच्या पूजेला यांनी ट्रॅक्टरवर फोडला, पिकअपवर फोडला, मग "पोराची गाडी कशाला राहू द्यायची" म्हणून उघड्या इंजिनावरही. सगळं पाणी आत गेलं. पिस्टन गंजून जाम झाले.

यांनी ऐकून घेतलं आणि उसाकडे निघून गेले. जेवायला आले नाहीत.

११ जानेवारी

दत्ता म्हणतो, मारुतीचं जुनं इंजिन बसवू, सीटा साध्या करू. "पळंल की! फकस्त ओरिजनल न्हाई राहनार." नाहीतर पुण्याचा एक शौकीन माणूस आहे, तशीच उचलून नेईल.

महेंद्रला ओरिजिनलचं वेड. एकेका नटासाठी भंगारबाजार पालथा घालायचा. माझ्या पप्पांची गाडी ना ही! यातूनच ते मला कॉन्व्हेंटला सोडायचे. निळ्या रिबिनी, फाटकात सिस्टर उभ्या... "आई, तुला परत तिथवर नेतो," म्हणायचा माझा मुलगा.

१२ जानेवारी

सुनेला विचारलं. सविता भांडी घासता घासता म्हणाली, "विकून टाका." वरही बघितलं नाही. नवऱ्याची एवढी एक वस्तू — आणि असं! इतकी गुणाची पोर. पण आज मन कडू झालं.

२० जानेवारी

झुंबर जाऊबाई आल्या. "किती दिवस लोखंड कवटाळशील गं? कोंबड्यांना दे, अंडी तरी घालतील!" हसू आलं. कितीतरी दिवसांनी. त्या गेल्यावर शेडमध्ये जाऊन रडले.

२ फेब्रुवारी

ठरलं. साधीच करायची. पण विकायची नाही. हे म्हणाले, "तुझ्या मनाला येईल तसं कर."

१६ मार्च

चालू झाली! आवाज मारुतीचा. तरी डोळे मिटून ऐकला. हे ओट्यावरून उठले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. किती वेळ!

सविताला म्हटलं, पुढं बस, पहिला मान तुझा. ती घरात पळाली, दार लावून घेतलं. मग माझा तोल गेला. दत्तासमोर, जाऊबाईंसमोर ओरडले — "इतक्यात नकोसा झाला का तुला माझा मुलगा?"

१७ मार्च

सकाळी सविता चहा घेऊन आली. कप ठेवला. उभीच राहिली.

"आई, त्या दिवशी ते ह्याच गाडीचा कार्बोरेटर आणायला निघाले होते. उद्या जातो म्हणत होते. मीच म्हटलं, आजच जा, संपू दे एकदाची ती गाडी."

तिला जवळ घ्यायला हवं होतं. हात पुढं झालाच नाही.